ती पंगतीतून उठली, मी जेवलो

"ए रेल्वेवाली, ऊठ तिथून. ही पंगत घरच्यांची हाय."

माझ्या बायकोला नाना असं म्हणले. भर मांडवात, राणीसावरगावला, नानांच्या पोरीच्या लग्नात. नाना म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. जमीनवाले. भावकीत त्यांचा शब्द खाली पडत न्हाई. तिच्या पत्रावळीवर भात पडला होता, वरण यायचं होतं. ती उठली. पदर सावरला. माझ्याकडं एकदा बघितलं. मग मांडवाच्या बाहेर, भांडी घासणाऱ्या बाया बसल्या होत्या तिथं जाऊन बसली.

मी उठलो न्हाई.

वाढप्यानं बुंदी आणली. मी घेतली. दुसऱ्यांदाबी घेतली. शेजारचा म्हणला, "बुंदी झकास झालीय." मी म्हणलं, "झालीय."

गुन्हा काय तर ती तेलुगू. जात वेगळी, भाषा वेगळी. तिचा बाप निजामाबादकडून लाईनीच्या कामाला पूर्णेला आला, आन आमच्या गँगचा मुकादम झाला. गँग म्हणजे रूळ नीट ठेवणारी माणसं. मी चौथी शिकलेला, हातात घण घेऊन त्याच्या हाताखाली लागलो. त्याच्याच पोरीशी लग्न केलं.

पूर्णा गावच तसं. जंक्शन झालं आन चारी बाजूनं माणसं आली. मूळचा इथला कोण म्हणून विचारलं तर अर्धं गाव मान खाली घालंल. आमच्या गँगमधी बिहारचा होता, तेलंगणातले होते, एक मुसलमान चाचा होता. भांडणं नव्हती असं कोण म्हणलं तर ते खोटं हाय. नळावरून व्हायची, भोंग्यावरून व्हायची. ज्यानं त्यानं आपल्या भाषेत शिव्या द्यायच्या, आन समोरच्याला त्या बराबर कळायच्या. पण दुपारी बाभळीखाली डबे उघडले की मधी एकच पंचा अंथरायचा. चाचा म्हणायचा, "अरे परभणीवाले, तेरी भाकर से तो खिल्ला ठोकेंगे." मी म्हणायचो, "दात गेले तुमचे चाचा, भाकरीला कशाला बोल लावता?" तरी अर्धी भाकर तोच खायचा.

म्हणजे मला ठाऊक न्हवतं असं न्हाई. एका पंच्यावर कसं जेवायचं हे मी रोज करत होतो. गँगमधी मी माणूस होतो. गावाकडं गेलो की नानांचा भाऊ व्हायचो, आन ते मला लय गोड लागायचं.

त्या लग्नाहून माघारी येताना बसमधी ती खिडकीला बसली होती. मग बाहेर बघतच म्हणली, "तिन्नावा?"

जेवण झालं का, असं. तिच्या भाषेतलं एवढंच मला यायचं. तो टोमणा होता का माया होती, मला आजवर कळलं न्हाई. मी म्हणलं, "झालं." ती उपाशी होती. ते मी विचारलंच न्हाई.

पुढं ती माझी बोली शिकली. ज्वारीची भाकर माझ्या आईसारखी थापायला लागली. माशाचं चिंचेच्या कोळातलं कालवण करायची, पुलुसु म्हणायची त्याला. एकदा नाना घरी आले आन नाकाला दस्ती लावली. मी तिला म्हणलं, "हे बंद कर." तिनं बंद केलं. तिच्या माहेरचं माणूस आलं की मी म्हणायचो, "हळू बोला, लोक ऐकायलेत." माझ्याच घरात. नानांनी तिला एकदा उठवलं. मी रोज उठवत होतो.

औंदा ती अंथरुणाला खिळली. शेवटी शेवटी तेलुगूतच बोलायची. मी उशाशी बसून मान हलवायचो. काय मागायलीय, पाणी का देव, मला समजायचं न्हाई. एक दिवस मात्र शुद्धीवर होती. माझ्या बोलीत नीट म्हणली, "माझ्या दहाव्याला माझ्या बहिणीच्या हातचं पुलुसु ठेवा. तिनं हाक मारली तर मला कळंल. तुमच्या लोकांची हाक मला कळायची न्हाई."

मी हो म्हणलं. तिनं आयुष्यभरात मागितलेलं तेवढंच.

दहाव्याला नदीवर नाना जीप घेऊन आले. सोबत सगळी भावकी. आमच्या पोरानं डोकं केलं, पिंड मांडले. मी म्हणलं, "नाना, तिची बहीण यायलीय. गाडी लेट हाय. जरा थांबू."

नाना म्हणले, "कावळा काय टाइमटेबल बघून येतो का रं?"

सगळे हसले. माझ्याबी तोंडावर हसू आलं. बायकोच्या दहाव्याला मी हसलो.

पिंड ठेवले आन लगेच कावळा शिवला. नानांनी हात जोडले. "सुटली बिचारी. काही इच्छा राहिली नव्हती." बाया म्हणल्या, पुण्यवान होती. मी कावळ्याकडं बघत होतो. त्याला भूक लागली होती, एवढंच झालं होतं.

तेवढ्यात मेव्हणी आली. ऑटोतून उतरून वाळूतून पळतच. हातात डबा, दस्तीत बांधलेला. नानांनी काठी आडवी धरली. "काय हाय त्यात?"

"मच्छी हय. अक्का को बहोत पसंद थी."

"घाटावर मासे? हे आपल्यात चालत न्हाई. तिला म्हणावं लांब बस." आन माझ्याकडं वळून म्हणले, "सांग तिला. बाहेरचं मिसळलं की घर फुटतं, मी तवाच बोललो होतो."

मेव्हणी माझ्याकडं बघत होती. डोळे बहिणीसारखेच. म्हणली, "बावा, अक्का बोली थी ना तुमको?"

पुन्हा तेच. सगळे बसलेले, एक बाई उभी, आन मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायची सवय लय जुनी. नानांची काठी बघितली. ज्याच्या गावची निम्मी माणसं ऊस तोडायला परमुलखात जातात, तिथं बाहेरची म्हणून नळावरून हाकलली जातात, तो माणूस मला बाहेरचं कोण ते सांगायला होता.

मी काठी धरली आन खाली केली.

"नाना, घर मिसळणाऱ्यानं फोडलं न्हाई. दोन पंगती मांडल्या त्यानं फोडलं. तुमी मांडल्या, आन मी बसून जेवलो."

"डोकं फिरलंय तुझं. उद्या तुझ्या दहाव्याला आमच्यातलं कुणी येणार न्हाई."

"येऊ नका."

नाना गेले. भावकी गेली. जीप गच्च भरून गेली, म्हणून दोघंजण पायी गेले, पण थांबलं कुणी न्हाई. मेव्हणीनं दगडावर पान मांडलं, भात ठेवला, वर पुलुसु ओतलं. नदीकडं तोंड करून हाक मारली, "रा अक्का, रा." मी तिच्या शेजारी बसलो. मीबी म्हणलं, "तिन्नावा?"

कुणी आलं न्हाई. कावळ्यांची पोटं भरलेली होती. ऊन चढलं, भात वाळला. शेवटी एक कुत्रं आलं आन पान ओढत घेऊन गेलं. मेव्हणी रडली. मला रडू आलं न्हाई. मला रडायचा हक्क आहे का, हेच कळत न्हवतं.

घरी येताना पोराला म्हणलं, दोन रुळांच्या मधी फट ठेवतात, आन पट्टीनं बांधतातबी. फट न्हाई ठेवली तर उन्हात लाईन वाकडी होते. माणसांचं तसंच असावं. पोरगा रेल्वेतच हाय. म्हणला, "बाबा, आता वेल्डिंग मारतात. फट नसते." नसंल. तिला मी आपल्यात वेल्डिंगच मारायला निघालो होतो. तिचं सगळं घासून काढलं, तरी माझ्या माणसांत ती बाहेरचीच राहिली.

तेरवीला दारात पंगत मांडली. राणीसावरगावचं कुणी आलं न्हाई. पत्रावळ्या उरल्या. मेव्हणी बसली, चाचाची सून बसली, बिहाऱ्याचा लेक बसला. बुंदी आणली तशी मी पत्रावळीवर हात आडवा धरला. बुंदी मी आता खात न्हाई.

ती उठली तेव्हा मी उठलो न्हाई, हे काही केल्या फिटायचं न्हाई. नानांची काठी खाली करून फिटत न्हाई, पुलुसु ठेवून फिटत न्हाई. ते माझ्यासोबत जळंल. पण जोवर मी हाय, माझ्या दारात पंगत एकच बसंल. कुणाला उठवायचं असंल तर त्यानं आधी माझा हात धरावा आन मला उठवून दाखवावं.