खाकी कागदाचं पुस्तक

मंडळी, आईकडून परत निघालेय. एसटीला वेळ आहे, म्हणून मंचरच्या नेटकॅफेत बसून हे टाकतेय. कुठंच मन लागत नाहीये.

आज सकाळी महाळुंग्याला माझी लेक मनू कंटाळली, म्हणून तिला घडीचं पुस्तक शिकवलं. एकच कागद, तीन घड्या, मधोमध एक चीर, की आठ पानं तयार. शिवण नाही, डिंक नाही.

कागद आईच्या शिलाई मशीनच्या खणातून घेतला. जुना, खाकी, वेडावाकडा कापलेला. चौकोनी व्हावा म्हणून कडा मीच छाटल्या आणि कातरण पेटत्या बंबात टाकलं. मनूने पानापानावर मांजरं काढली.

दुपारी आई रानातून आली. मनूने हौसेने पुस्तक दाखवलं. आईने ते उलगडून परत एकच कागद केला.

"गळा अन् बाहीचा मुंडा कुठंय याचा?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते ब्लाऊजचं कटिंग होतं, पिंपरी पेंढारच्या मावशीचं. मावशी गेल्या वर्षी वारली. तिचे सगळे ब्लाऊज आईच शिवायची.

"माप कुठंतरी लिहून ठेवलं असशील ना गं?" मी चाचरत विचारलं.

"माप तोंडपाठ हाय मला," आई कागदावर हात फिरवत म्हणाली. "पण ही तिची पाठ व्हती."

मग आईने पुन्हा घड्या घालून पुस्तक मनूच्या हातात दिलं.

ते आत्ता माझ्या पर्समध्ये आहे. मांजरं काढलेली का होईना, पाठ अजून आहे त्यात. एसटी सोडून परत देऊन येऊ का?