तिसऱ्या मजल्यावरची चादर

त्या सकाळी तळ्याच्या धक्क्यावर कुऱ्हाडी चालल्या त्या आधी लाकडावर. माणसांची पाळी नंतर आली. पट्टेवाल्यांनी नावा काठावर ओढल्या, पालथ्या घातल्या आणि एकेकीच्या पोटात घाव घातले. नावाडी हाताची घडी घालून बघत उभे होते. त्यांतला एक तरुण वल्ह्या. त्याची नाव फुटली तेव्हा तोही तसाच बघत उभा होता. मग एक पट्टेवाला त्या फुटक्या नावेत चढला आणि सगळ्यांच्या देखत विजारीची बटणं सोडून उभा राहिला. वल्ह्याच्या हातात वल्हं होतं. त्यानं ते फिरवलं. ते त्या माणसाच्या कानशिलावर असं बसलं की मुतता मुतताच तो आडवा झाला, आणि पुन्हा काही उठला नाही.

पट्टेवाले म्हणजे कचेरीतले शिपाई नव्हेत. सरकार पक्षानं गावोगाव रिकामी माणसं गोळा करून त्यांच्या दंडाला पट्टे बांधले होते आणि हातात दांडकी दिली होती. रिकाम्या माणसांना त्या वर्षी तोटा नव्हता. तळ्याकाठचं सगळं गाव पाहुण्यांच्या जिवावर जगलेलं. देशोदेशीचे लोक यायचे, नावेत बसायचे, फोटो काढायचे, आणि त्यांच्या मागं वेटर, हमाल, वाटाडे, गाडीवाले अशी अर्धी वस्ती पोटाला लागायची. मग वरच्या मंडळींचं शेजारच्या देशाशी बिनसलं. सरहद्दीवर तोफा डागल्या. बाहेरच्या सरकारांनी आपापल्या लोकांना बजावलं की तिकडं फिरकू नका. विमानं आधी रिकामी आली, मग यायचीच बंद झाली. चलन असं घसरलं की सकाळचा भाव दुपारी विचारला तर दुकानदार हसायचा. आणि त्यातच मंत्र्याच्या जावयाला सगळा किनारा हवासा झाला, म्हणून नावांवर कुऱ्हाडी. मारणारे कालचे वेटर, मार खाणारे कालचे नावाडी. पट्टेवाल्यांतला एकजण तर दांडकं उगारताना सवयीनं “माफ करा साहेब” म्हणायचा, अशी गावात कुजबुज होती. हसायचे लोक. पण आपल्या पाठीवर बसेपर्यंतच.

वल्ह्या हा घडीवहिनीचा धाकटा दीर.

घडीवहिनी तळ्यावरच्या मोठ्या हॉटेलात कामाला होती. लग्न होऊन आली तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली आणि दीर शेंबडा. त्याच्या डोक्यातल्या उवा काढण्यापासून तिचा संसार सुरू झाला. तिच्या हातचं खाऊन आणि तिच्याच हातचा मार खाऊन तो वाढला. नवरा हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता, त्यानं तिला लाँड्रीत चिकटवलं. तिथून ती खोल्यांवर गेली. तिच्या हातची चादर अशी बसायची की पलंगावर रुपया टाकला तर उडावा. चादरीचे कोपरे दुमडून गादीखाली खोचायची तिची एक तऱ्हा होती. आधी त्रिकोण उचलायचा, मग खाली सोडायचा, आणि शेवटी तळहातानं एक फटका. त्यावरून सगळे घडीवहिनी म्हणू लागले. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथंच राहिलं.

पाहुणे आटले तसा हॉटेलचा तिसरा मजला बंद झाला. गाद्या गुंडाळल्या, चादरी डांबराच्या गोळ्या घालून पेटीत गेल्या. वेटरांना घरचा रस्ता दाखवला. नवरा परदेशी एका हॉटेलात भांडी घासायला गेला. राहिली ती, एक पहारेकरी आणि मॅनेजर. मॅनेजर रोज टाय बांधून लॉबीत उभा राहायचा. कोणासाठी, ते त्यालाच ठाऊक.

वल्ह्या मागच्या दारानं लाँड्रीत शिरला तेव्हा त्याचा एक कान लोंबत होता.

“वहिनी, मी एकाला मारलं.”

“किती मारलं?”

“उठला नाही.”

तिच्या हातातली बादली खाली आली. “कोणी बघितलं?”

“सगळ्या धक्क्यानं.”

“मग इथं कशाला तडफडलास? डोंगरात पळायचं.”

“वाटा धरल्यात त्यांनी. अंधार पडला की तळ्यातून पोहत जातो. तोवर ठेव कुठंतरी.”

तिनं त्याच्या एक थोबाडीत दिली, चांगल्या बाजूला. मग त्याच्या डोक्यावरून चादर टाकली आणि मागच्या जिन्यानं त्याला तिसऱ्या मजल्यावर नेलं. शेवटची खोली. तिथल्या बाथरूमच्या मागं पाइपांसाठी सोडलेली अंधारी फट होती, तिला लाकडी झडप होती. कोणी आलं तर तिथं शिरायचं असं तिनं त्याला दाखवून ठेवलं. तिनं कान धुतला, कापड बांधलं. वल्ह्याच्या दातांवर दात वाजत होते. तिनं गुंडाळलेली गादी पसरली, पण उघड्या गादीवर, जुन्या डागांवर त्याला निजवायचं तिच्या जिवावर आलं. पेटीतून चादर काढून तिनं अंथरली, उशीला अभ्रा घातला.

“मी काय पाहुणा आहे?” वल्ह्या म्हणाला.

“गप पड, मेल्या.”

तो घटकाभर झोपला असेल नसेल, खाली काचा फुटल्या. पहारेकऱ्याची किंकाळी आली आणि मध्येच तुटली. तिनं वल्ह्याला उठवून फटीत ढकललं, रक्ताचं कापड त्याच्या हातात कोंबलं.

“काही ऐकू येऊ दे, मला मारू देत, कापू देत, बाहेर यायचं नाही. घे माझी शपथ.”

“घेतली.”

झडप लावून ती वळली, तर पलंगावर चुरगळलेली चादर. आता शहाण्या माणसानं ती चादर ओढून खिडकीबाहेर टाकली असती. पण वापरलेला पलंग दिसला की हात आपोआप चालावेत, अशी तिच्या हातांना वर्षानुवर्षांची सवय. तिनं चादर ताणली, उशी फुगवली, चारी कोपरे खोचले आणि फटका मारला. मन सगळं जिन्यावरच्या पावलांकडं होतं. आपण काय केलं ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

पट्टेवाले वर आले ते मॅनेजरला पुढं घालून. त्याचं नाक मोडलं होतं, टाय रक्तानं भिजला होता, आणि तरी तो म्हणत होता, “जरा गालिच्यावर बूट नको.” म्होरक्यानं त्याला त्याच गालिच्यावर लाथेनं लोळवलं. दारं फुटत चालली. खोल्यांत गुंडाळलेल्या गाद्या, धूळ, उलटी केलेली टेबलं. शेवटच्या खोलीत आधी शिरला तो सलाम्या.

सलाम्या हा जुना वेटर. येणाऱ्या जाणाऱ्याला इतके सलाम ठोकायचा की खांबालाही एखादा जायचा. घडीवहिनीच्या डब्यातलं त्यानं किती खाल्लं त्याला गणती नाही. पट्टेवाल्यांत गेला तोही दोन वेळच्या जेवणाला भुलून. पलंग बघून तो जागीच थांबला. बंद मजला, वर बोटभर धूळ, आणि मध्ये पांढरीशुभ्र चादर, खोचलेले कोपरे. त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं पलंगाकडं बघितलं, आणि आपण काय करून बसलो ते आता तिच्या ध्यानात आलं.

मागून म्होरक्या आला. “हे अंथरूण कोणासाठी?”

त्यानं तिचे केस धरून डोकं चौकटीवर आपटलं. एकदा, पुन्हा. ओठ फाटला, दात हलला. “नावाडी कुठाय? तुझा दीर ना तो?” तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा चौकटीवर तांबडी खूण उठली. फटीत कसलाही आवाज नव्हता. वल्ह्यानं शपथ पाळली होती.

“दादा, सोडा तिला,” सलाम्या डोकं खाजवत म्हणाला. “अंथरूण माझ्यासाठी आहे.”

म्होरक्या थांबला. “काय?”

“आता काय सांगायचं. दुपारचा मी इकडंच असतो. हिचा नवरा परदेशी, मीपण मोकळा. पलंग रिकामे पडलेत, म्हटलं सरकारी कामात जरा विसावा.”

पट्टेवाले खो खो हसले. एकजण म्हणाला, “म्हणून दुपारच्या हजेरीला हा सापडत नाही.” म्होरक्याच्याही मिशीत हसू आलं. त्यानं तिचे केस सोडले. घडीवहिनी खाली बसली आणि मान घालून राहिली. तिला कळलं होतं. तिनं तोंडातलं रक्त गिळलं आणि तो खोटा आळही गिळला, कारण त्या घटकेला तो आळ म्हणजे वल्ह्याचा जीव होता. म्होरक्या दाराकडं वळला. एवढ्यावर सलाम्या गप्प राहता तर सगळं निभावून जातं. पण त्याला वाटलं, गोष्ट अजून जरा पक्की करावी.

“दीर तिकडं नाव हाकतो,” तो डोळा मारून म्हणाला, “वहिनीला आम्ही इकडं हाकतो.”

झडप फुटून बाहेर आली.

वल्ह्यानं मार ऐकला होता, वहिनीचं डोकं चौकटीवर वाजलेलं ऐकलं होतं, आणि शपथेसाठी स्वतःचा हात चावून बसला होता. हे मात्र त्याच्यानं ऐकवेना. तो म्होरक्याकडं गेला नाही, दाराकडं गेला नाही. तो सरळ सलाम्याच्या गळ्याला भिडला. “कुत्र्या, माझ्या वहिनीला...” म्हणत त्यानं सलाम्याला पलंगावर पाडलं आणि त्याच्या तोंडावर ठोसे घालत राहिला. पट्टेवाले क्षणभर नुसते बघत होते. सलाम्या खालून कसाबसा म्हणत होता, “अरे येड्या, पळ. अरे पळ.” ते वल्ह्याच्या कानात शिरलंच नाही.

मग दांडकी पडू लागली. पहिलं मानेवर, दुसरं पाठीवर, मग मोजदाद नाही. भिजलेलं धुणं दगडावर आपटावं तसा आवाज. घडीवहिनीनं खिडकीच्या पडद्याची लोखंडी दांडी उपसली आणि म्होरक्याच्या तोंडावर घातली. त्याचा जबडा एका बाजूला गेला, दात गालिच्यावर सांडले. दुसरा वार करायच्या आत त्यांनी तिला धरलं. तिचे दोन्ही हात दाराच्या फटीत घालून जड लाकडी दार लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. बोटं मोडली ती चुलीतल्या काटक्यांसारखी, एकेक, वेगवेगळ्या आवाजात. ती ओरडत होती, पण आपल्या हातांसाठी नव्हे. पलंगावर वल्ह्याचा एक पाय हलत होता, तिचं लक्ष त्या पायावर होतं. तो थांबला तेव्हा तीही थांबली.

सलाम्याला त्यांनी खोटं बोलला म्हणून जिन्यावरून खाली फेकला. त्याच्या मांडीचं हाड बाहेर आलं. मेला समजून तिथंच टाकला.

पुढं ते सरकार गेलं. कोणाच्या शापानं नव्हे, तिजोरीत खडखडाट झाला म्हणून. नव्या सरकारला बाहेरचा पैसा हवा होता, म्हणजे बाहेरचे पाहुणे हवे होते. शेजाऱ्याशी गोडीगुलाबी झाली, विमानं आली, रस्त्याला दिवे लागले. किनारा मात्र जावयाकडंच राहिला. नव्या सरकारातही त्याला सासरा सापडला असं लोक म्हणायचे. हॉटेलला नवा रंग चढला, तिसऱ्या मजल्याची खोली आता तळं दिसतं म्हणून सगळ्यांत आधी भरायची. म्होरक्या वाकड्या जबड्यानं तिथंच गाड्या पुरवायचा ठेका चालवू लागला. त्याला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पाहुणे घाबरले असते.

घडीवहिनीच्या नवऱ्याच्या कानावर परदेशात सलाम्यानं रचलेली गोष्ट तेवढी पोचली. खरं काय घडलं ते पाठोपाठ गेलं, तोवर त्यानं तिकडं दुसरं घर केलं होतं. “जाऊ दे,” ती म्हणाली, “त्याला निमित्तच हवं होतं.” आल्याच्या कांड्यांसारखी वाकडी बोटं घेऊन ती पुन्हा हॉटेलात कामाला लागली. पोट होतं ना. खोल्यांवर नाही घेतलं. लाँड्रीत मशिनीची बटणं दाबायला ठेवलं.

काही महिन्यांनी सलाम्याही आला. लंगडत. त्याला मागच्या दारावर बसवलं होतं, कारण लंगडा माणूस पुढच्या दाराला शोभत नाही. किती दिवस दोघं एकमेकांकडं न बघता येत-जात होती. एका दुपारी ती त्याच्यासमोर थांबली.

“तुला दुसरं काही सुचलं नाही?”

“नाही सुचलं, वहिनी.”

“पहिलं बोललास तिथवर ठीक होतं.”

“हो.” त्यानं मान खाली घातली. “ते दुसरं मी उगाच बोललो.”

आत मशीन थांबल्याची घंटा वाजली, तरी ती हलली नाही.

“तू त्याच्या खाली होतास,” ती म्हणाली. “शेवटाला तो काय म्हणत होता? मला काही ऐकू आलं नाही.”

सलाम्याला वाटलं खोटं बोलावं. मग नाही बोलला.

“शिव्या देत होता. मला. जीव जाईस्तोवर.”

“द्यायलाच पाहिजेत,” घडीवहिनी म्हणाली, आणि ओल्या चादरी काढायला आत गेली.