दाराआडची म्हातारी

तुम्हा दोघांच्या बाबाने फोनवर मला सुचवलं होतं, "आई, तू आठवणी लिही. साताऱ्याचं बालपण, सांगलीचं कॉलेज, जुने पदार्थ. मुलांना उपयोगी पडेल." माझ्या वयाच्या बाईने आठवणी लिहाव्यात, फार तर लोणच्यांवर लिहावं, असा एक समज आहे. मी चाळीसेक वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं. दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांतल्या माणसांची स्वभावचित्रं फळ्यावर लिहून लिहून हात दुखला. आता मला माझी स्वतःची माणसं हवी होती, आणि तीही या पृथ्वीवरची नकोत.

म्हणून मी ती कादंबरी लिहायला घेतली. दर रविवारी सकाळी, म्हणजे तुमच्या शनिवारी रात्री, एकेक प्रकरण तुम्हाला स्क्रीनवरून वाचून दाखवलं. तुम्हाला ती पाठ आहे, तरी थोडक्यात सांगते, कारण हे कधीतरी दुसरं कोणी वाचेल. एक दूरचा ग्रह. माणसं मोठ्या घुमटांखाली राहतात. हवा मोजकी, म्हणून आग वर्ज्य. यानं तारांच्या नादावर चालतात. मिरजेहून आणलेला माझा तंबोरा कोपऱ्यात उभा असतो, त्यावरून ते सुचलं. आणि सतरा वर्षांची एक मुलगी, जिला एका म्हातारीने वाढवलंय, ती घुमट वाचवायला एकटी लढाईवर निघते. 'वीरांगना' हा शब्द मी वापरला नाही. तो ऐकला की चौकातला पुतळा आठवतो. मी तिला लढवय्यी म्हटलं.

मला सगळं नीटनेटकं लागतं, हे तुम्ही जाणता. लिहायला बसण्याआधी मी त्या ग्रहाचे नियम ठरवले होते. दिवस केवढा, वजन किती भरतं, लोक खातात काय. तिथे लग्न ही गोष्टच नाही, हेही मीच ठरवलं होतं.

मग ते प्रकरण आलं. लढवय्यी निघते, सगळा घुमट तिला निरोप द्यायला जमतो, आणि तिला वाढवणारी म्हातारी दाराआडून बघत राहते. मला ते वाक्य फार चांगलं साधलंय असं वाटलं होतं. ते मी दोनदा वाचून दाखवलं.

"आजी, ती लपली का?" तुमच्यातल्या थोरलीने विचारलं.

"तिच्याकडे शिल्ड नाहीये," धाकट्याने परस्पर सांगून टाकलं.

"लपली नाही रे. तशी पद्धत असते."

"तिकडे? त्या प्लॅनेटवर?" थोरली म्हणाली. "का पण?"

इकडची पद्धत अशी की कोणी मोठ्या कामाला निघालं की सवाष्णीने ओवाळायचं, हातावर दही घालायचं. जिचा नवरा गेलाय तिने त्या वेळी समोर यायचं नाही. तिचं तोंड दिसलं तर अपशकुन. पण जिथे लग्नच नाही, तिथे विधवा कुठली? नादावर उडणारी यानं मी रचली, आकाशात सात चंद्र टांगले, आणि त्या सगळ्याच्या मध्ये ही बाई आपोआप दाराआड जाऊन उभी राहिली. मी तिला सांगितलंसुद्धा नव्हतं.

तुमचा बाबा तिकडे यायला पहिल्यांदा निघाला, तेव्हा तुमच्या आजोबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. शेजारच्या काकूंनी त्याला ओवाळलं. मी स्वयंपाकघरात होते. तो बाहेरून हाका मारत होता आणि मी म्हणत होते, "आले, डबा बांधतेय." डबा केव्हाच बांधून झाला होता. मला कोणी आत कोंडलं नव्हतं. एवढी शिकलेली बाई, आपल्या पायांनी आत जाऊन उभी होते. त्याचा राग मला त्या रविवारी आला, इतक्या वर्षांनी आला, पण चांगला सणसणीत आला.

त्याच दुपारी मी प्रकरण बदललं. म्हातारी दार उघडून पुढे येते. आग वर्ज्य, म्हणून हातात निरांजनाऐवजी चमकणारा दगड घेते आणि लढवय्यीला सर्वांदेखत ओवाळते. मला हायसं वाटलं. लिहिणं सोपं असतं.

नवं प्रकरण मी गावाकडे, फलटणजवळ राहणाऱ्या माझ्या थोरल्या जावेच्या नातीलाही फोनवर पाठवलं. त्या मुलीची सैन्यात निवड झाली होती. त्या घरातले पुरुष तीन पिढ्या सैन्यात गेलेत, मुलगी ही पहिलीच. तिने ते आजीला मोठ्याने वाचून दाखवलं. संध्याकाळी जाऊबाईंचा फोन.

"काय गं, तुझ्या गोष्टीतली म्हातारी पोरीच्या म्होरं येऊन हुबी ऱ्हायली म्हणं?"

"हो, राहिली."

"मग? पोरीचं काय झालं?"

"काही नाही. लढाई जिंकली तिने."

"गोष्टीत काय, बैलबी दूध दील." त्या म्हणाल्या. "हे बघ, सोमवारी आमची पोर निगालीया ट्रेनिंगला. तू ये. आदल्या दिशीच ये. पर निघायच्या वक्ताला आत ऱ्हा. आमच्यात आजवर रीत मोडल्याली न्हाई, आन् समदी धडधाकट परत आल्यात."

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग त्या "बरं"चाच मला संताप आला.

सोमवारी सकाळी अंगणात निम्मा गाव. जीप सुरू करून ठेवलेली. मुलगी नव्या बुटांत पाटावर उभी, कारण बूट काढायला ती तयार नव्हती. जाऊबाईंच्या हातात ताट: निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. मी माजघराच्या पडद्यामागे. पडद्याला फुलं होती, एवढ्या जवळून मी ती बघत होते. माझी म्हातारी परक्या ग्रहावर पुढे गेली होती आणि मी सातारा जिल्ह्यात मागे उभी होते. मी आता बाहेर गेले नाही, तर ते प्रकरण खोटं, ते रविवारही खोटे, आणि तुम्ही पुन्हा "का पण?" विचारलं तर माझ्याकडे काय होतं?

मी पडदा सारला.

"थांबा," मी म्हणाले. "मला ओवाळायचंय."

मोठे दीर, निवृत्त सुभेदार, मिशीवर हात ठेवून म्हणाले, "आता हिचं काय मधीच?"

जाऊबाईंनी ताट दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "म्या ताट दीत न्हाई."

"नका देऊ," मी म्हणाले.

ओढाओढ करायला मी गेले नव्हते. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि गालात हसली. "धाकट्या आज्जी, दगड आणलाय व्हय?"

दगड नव्हता. कमरेला मोबाईल होता. मी त्याचा टॉर्च लावला आणि भर उन्हात, जाऊबाईंच्या शेजारी उभं राहून, तिला उजवीकडून डावीकडे तीनदा ओवाळलं. मागच्या पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. जाऊबाईंनीही घाईघाईने आपलं ताट ओवाळून घेतलं. मग दह्याची वाटी उचलली आणि तिच्या तळहातावर दही घातलं. तिने ते चाटून टाकलं, दोघींच्या पाया पडली, आणि जीपमध्ये चढली.

धूळ खाली बसल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "ती बॅटरी बंद कर. उगा उतरंल."

पंधरवड्याने त्यांचा फोन आला, आवाजात धार होती. "पोरीचा पाय मुरगाळला. पळताना. मी म्हनलं न्हवतं?"

क्षणभर मलाही ते खरं वाटलं, हे लपवत नाही. आयुष्यभर ऐकलेलं एका वाक्याने जात नाही. पण मी म्हणाले, "आवं जाऊबाई, ओवाळलं तर दोघींनी. तुमच्या बाजूचा पाय का माझ्या?"

"डावा," त्या म्हणाल्या.

"मी उजवीकडे उभी होते."

"लय शानी हाईस," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मुलगी आता पुन्हा पळते आहे. तिच्या तुकडीत त्या महिन्यात कितीतरी जणींचे पाय मुरगळले म्हणे, आणि त्या सगळ्यांना घरच्या सवाष्णींनीच ओवाळलं असणार.

मी ते प्रकरण परत बदललेलं नाही, बदलणारही नाही. तुम्ही डिसेंबरात येताय. परत निघाल तेव्हा बाबाला सांगा, डब्याची घाई करू नकोस, डबा आदल्या रात्रीच बांधलेला असेल. मी दारात असेन, आणि या वेळी ताटही माझंच असेल.