पाव्हण्यांना पोचवायचं गाणं

पाव्हणेबुवा गाणं शेवटाकडून शिकवायचे. बाकी सगळं जग पहिल्या ओळीपासून शिकतं. आमच्या घरी वडिलांनी हार्मोनियमवर आम्हा बहिणींना सा पासून सुरुवात करून दिली आणि आम्ही तिथेच कंटाळलो, पण निदान सुरुवात तरी झाली. हा माणूस मात्र जीपमध्ये शेजारी बसलेल्या कोणालाही, ओळख असो नसो, म्हणायचा, "आधी शेवट घ्या. सुरुवातीची घाई नका करू, थे माह्यापाशी हाय." आणि किंगरीवर गज ओढून शेवटच्या चार ओळी सुरू करायचा. असं का, हे मला तेव्हा कळलं नाही. आज कळलंय असंही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

माझी बदली यवतमाळहून झरीच्या बँकेत झाली तेव्हा मी पांढरकवड्याला खोली घेतली आणि रोज रफीकभाईंच्या काळीपिवळी जीपने ये-जा करू लागले. त्या जीपमध्ये पाव्हणेबुवांची जागा ठरलेली होती, मागच्या बाकावर दाराशी. डोक्याला पांढरा फेटा, अंगात इस्त्रीचा सदरा, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली तीन तारांची किंगरी. ते परधान. गोंडांच्या घरी जाऊन त्यांच्या कुळाच्या, देवांच्या कथा किंगरीवर गायच्या, हे त्यांच्या घराण्याचं पिढ्यांचं काम. ज्यांच्याकडे गायचं ते त्यांचे यजमान. कथेच्या आधी एकेका देवाला नावानं हाक मारून बोलवायचं आणि कथा संपली की त्याच मानानं परत पाठवायचं. देवांना ते 'पाव्हणे' म्हणायचे. "आज पाटलाच्या घरी पाव्हणे येनार हायत," असं काही ते इतक्या सहजपणे बोलत, की मी सुरुवातीला चहाची तयारी वगैरे विचारली होती. त्यावरून जीपमधल्या लोकांनी त्यांनाच पाव्हणेबुवा करून टाकलं होतं.

त्यांचं एक वाक्य होतं. दिवसातून कितीतरी वेळा ते ऐकायला मिळायचं. "बोलावलं त पोचवाव लागते." फोन आला आणि समोरच्यानं मध्येच ठेवला, की हे वाक्य. रफीकभाईंनी एखाद्याला फाट्यावरच उतरवलं, गावापर्यंत नेलं नाही, की हेच. माझ्याकडे एकदा मावशी राहायला आल्या होत्या. त्या परत निघाल्या तेव्हा मला सुट्टी नव्हती म्हणून स्टँडवर गेले नाही, हे मी सहज बोलून गेले. बुवांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, "मॅडमबाई, पाव्हणा मंधातच ऱ्हायला त थो कोनाचाच नाई ऱ्हात. ना त्याच्या घरचा, ना तुमच्या." मी दुसऱ्याच दिवशी मावशींना फोन केला. त्या सुखरूप पोचल्या होत्या आणि मला काय झालंय म्हणून उलट त्याच काळजीत पडल्या.

ते शेवटचं गाणं गोंडीत होतं. मला गोंडी येत नाही, पण अर्थ त्यांनी सांगितला होता. ज्या वाटेनं आलात त्याच वाटेनं जा. नदी लागली की पाय भिजवा. मोहाच्या झाडाखाली थोडा दम घ्या. आमचं काही चुकलं असेल तर तेही सोबत घेऊन जा. एवढंच. चाल अगदी साधी, खाली उतरत जाणारी. किंगरीचं खरं वैभव कथेत होतं. लढाया, रुसवे, गुहेत कोंडलेले देव, सगळं बुवांच्या गळ्यातून असं यायचं की जीपमधला बैलांचा व्यापारीसुद्धा तंबाखू मळायचा थांबायचा. पण त्यातली एक ओळ कोणी उचलायला गेलं की बुवा गज थांबवायचे. "थे नाई. शेवट म्हना." रफीकभाई, आशाताईचं काम करणाऱ्या कुसुमताई, तो व्यापारी आणि मी, असे आम्ही रोजचे चौघे त्या चार ओळी म्हणत म्हणत झरीला पोचायचो. मला त्यांच्याकडून एकदाही शाबासकी मिळाली नाही. "जीभ टाळूले लावा, बाई. तुमचा देव वाट चुकून वनीले जाईन," असं मात्र पुष्कळदा ऐकलं.

आमच्या यवतमाळच्या कॉलनीतल्या मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. यंदा काहीतरी आपल्या मातीतलं हवं, असं अध्यक्षबाईंच्या मनात आलं आणि त्यांनी मला गळ घातली. मी घाबरतच बुवांना विचारलं. मला वाटलं देवाधर्माचं काम आहे, असं कुठल्याही मंचावर कसं करतील? ते एका पायावर तयार झाले. "लोक हायत ना? मंग जाऊ." या माणसाला कसलाच संकोच नव्हता. लग्नाचा मांडव असो, शाळेचं गॅदरिंग असो, दवाखान्याचा व्हरांडा असो, विचारलं की गायचे. कोणी मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चेहरा त्या बाजूला वळवून बसायचे. मला तर ते देवभोळे आहेत की हौशी, हेच ठरवता येत नव्हतं.

मंडळानं त्यांना थोडासाच वेळ दिला होता. तो सगळा पाव्हण्यांना बोलावण्यात गेला. एकेक नाव, मग त्या नावाचा डोंगर, मग त्याची नदी. सूत्रसंचालक बाजूला उभा राहून घड्याळ दाखवत होता. शेवटचं नाव झालं, गज थांबला, आणि लोकांना वाटलं संपलं. टाळ्या झाल्या. अध्यक्षबाई शाल-श्रीफळ घेऊन आल्या. मागे वेशभूषेची मुलं फळं-भाज्या होऊन ताटकळली होती. बुवा जागचे हलेनात.

"झालं ना बुवा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाई झालं. आत्ता त आले थे."

"कोण आले?"

बुवांनी मंचाकडे हात केला. तिथे कोणी नव्हतं. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वांग्याचा वेश केलेल्या एका मुलीकडे पाहत राहिले, कारण दुसरीकडे कुठे पाहावं ते सुचत नव्हतं. मग बुवा स्वतःच उठले. रिकाम्या मंचाला हात जोडून म्हणाले, "चला, बाहेर चला. इथं मुलायचा कार्यक्रम हाय." आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, सावकाश, मागून कोणी येत असल्यासारखे थांबत थांबत बाहेर गेले. मागे पार्किंगमध्ये स्कूटरींच्या रांगेत उभं राहून त्यांनी त्या चार ओळी पूर्ण गायल्या. मग तिथल्या वॉचमनला त्या शिकवल्या. मी शाल-श्रीफळ धरून उभी होते. हसावं की वाकून नमस्कार करावा, हे मला समजत नव्हतं, आणि मी दोन्हीही केलं नाही.

या सगळ्यानं त्यांचे यजमान मात्र नाराज होते. त्यातही दौलतपाटील. झरीच्या पलीकडच्या पाड्यावरचं हे बुवांचं सगळ्यात जुनं यजमानघर. पाटील एकदा आमच्या जीपमध्ये चढले आणि आम्ही चौघं ते गाणं म्हणत असताना त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. "बुवा, आमचे देव तुमी जीपमंदी काहून वाटून राह्यले? उद्या बसस्टँडवर वाटसान."

"देव नाई वाटत, पाटील. देवाचा रस्ता सांगून राह्यलो."

"या जीपवाल्यायले कायले पायजे रस्ता?"

"यायले नाई पायजे," बुवा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

पाटील पुढच्या फाट्यापर्यंत तोंड फिरवून बसले. उतरताना एवढंच म्हणाले, की असंच चाललं तर पुढच्या पूजेला बोलवायचं की नाही ते पाहावं लागेल. बुवांच्या चेहऱ्यावरचा रंग त्या वेळी गेला, हे मी पाहिलं. ते घर सुटलं असतं तर त्यांचं गाणंच सुटलं असतं. मुलगा महागावला बँडमध्ये की-बोर्ड वाजवतो, त्याला यात रस नव्हता. मग इतकं गमवायची तयारी कशासाठी? मी विचारलं. त्या दिवशी म्हणाले, "सवय हाय." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुमचे गळे गोड हायत म्हनून." हे तर उघड खोटं होतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "मॅडमबाई, मानूस चालता चालता बसते कधी कधी." मी म्हटलं, म्हणजे काय? ते म्हणाले, "म्हनजे काई नाई."

मीही मग हट्टाला पेटले. म्हटलं, मला सुरुवात शिकवा. माझी जीभ टाळूला लागते आता. बुवा मनापासून हसले. "बोलावनं माह्यं काम. तुमी फक्त पोचवा." त्यावर माझं काही चाललं नाही.

पाटलांनी शेवटी बोलावलं. वर्षाची पूजा होती आणि दुसरा परधान जवळपास नव्हता. बुवांनी आम्हा जीपवाल्यांनाही जेवायचं आवतण दिलं. हे पाटलांना विचारून की न विचारता, देव जाणे. रविवारची दुपार होती. अंगणात सावलीसाठी डहाळ्यांचा मांडव घातला होता आणि मधल्या खांबाशी टेकून बुवा बसले होते. आम्ही कडेला, चपलांजवळ. त्या दिवशी ते फार छान गायले. पाव्हणे बोलावले, कथा सुरू झाली, देवांना गुहेतून सोडवण्याचा प्रसंग आला, आणि गज त्यांच्या उजव्या हातातून खाली पडला.

कोणाच्या लक्षात आलं नाही. मग तोंड वाकडं झालेलं दिसलं. कुसुमताई धावल्या, त्यांनी लगेच ओळखलं. "लकवा हाय. गाडी काढा, रफीकभाई." रफीकभाईंनी गाडी मांडवापाशी आणली. चौघांनी बुवांना उचलायला हात घातला तर ते उठेनात. त्यांनी डाव्या हातानं खांब धरून ठेवला होता. ताकद एवढी की बोटं सुटेनात. तोंडातून नुसता आवाज येत होता, शब्द नाही. ते आमच्याकडे पाहत नव्हते. मांडवातल्या रिकाम्या जागेकडे पाहत होते, आणि मग पाटलांकडे, आणि पुन्हा तिकडे.

पाटलांना कळलं. पाव्हणे अजून मांडवातच होते. पण यजमानानं गायचं नसतं, ते परधानाचं काम. आणि गायचं ठरवलं असतं तरी ते त्यांना येत नव्हतं, कारण जीपमध्ये ते ऐकायचं नाही म्हणून ते तोंड फिरवून बसले होते. कुसुमताई ओरडत होत्या, की वेळ जातोय.

तेव्हा रफीकभाईंनी, गाडीच्या दारातूनच, पहिली ओळ म्हटली. त्यांचा आवाज हॉर्नसारखा आहे आणि सूर कधीच लागत नाही. मग मी म्हटलं. मग व्यापारी. कुसुमताई बुवांचं मनगट धरून म्हणत होत्या. ज्या वाटेनं आलात त्याच वाटेनं जा. मला रडू येत होतं, आणि जीभ टाळूला लावायचं विसरू नये ही भीतीही वाटत होती. पाटील उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले, आम्हाला की पाव्हण्यांना, ते ठाऊक नाही. चौथी ओळ संपली तशी बुवांची बोटं सुटली. आम्ही त्यांना गाडीत घातलं.

ते वाचले, पण बोलणं गेलं. उजवा हातही. पांढरकवड्याच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर मी दर रविवारी जायचे. एक प्रश्न मला खात होता. म्हणून विचारलं, "बुवा, तुम्हाला हे आधीच माहीत होतं? म्हणून आम्हाला शिकवलं?" त्यांनी मान हलवली. ते हो होतं की नाही, हे आजतागायत मला ठरवता आलेलं नाही. मग विचारलं, "आम्ही म्हटलं ते चाललं का? गेले का ते नीट?" त्यांनी पुन्हा तशीच मान हलवली आणि डाव्या हातानं माझ्या डोक्यावर टपली मारली. कदाचित माझा देव वणीला गेला असेल.

पावसाळा संपता संपता ते गेले. माझी तोवर दारव्ह्याला बदली झाली होती, पण रफीकभाईंचा फोन आला आणि मी पोचले. मुलगा महागावहून आला होता, गोंधळून उभा होता. मातीच्या वेळी दौलतपाटील आमच्याजवळ आले. त्यांना बोलणं जड जात होतं. "जीपवाले," ते म्हणाले, "बुवाले पोचवा." आम्ही चौघांनी गायलं. पाटीलही आमच्यासोबत म्हणत होते, हळूच, आमच्या ओठांकडे पाहत.

परत येताना जीपमध्ये दाराजवळची जागा रिकामी होती. गर्दी होती तरी कोणी तिथे बसलं नाही. मग रफीकभाई आरशातून मागे पाहत म्हणाले, "मॅडम, पोचवाले त आपन हाओत. पन आता बोलावीन कोन?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. मला सुरुवात येत नाही.