चौकातला नमस्कार

चाकणच्या चौकात भर दुपारी मी एका माणसाला हात जोडले, आणि त्या नमस्कारापायी त्याचं मनगट मोडलं. चूक माझी होती. शिक्षा अण्णांनी भोगली. आज तपासातला जाणता माणूस म्हणून लोक माझ्याकडे बघतात, तेव्हा हे आधी सांगून टाकलेलं बरं.

अण्णा आमच्या पोलीस ठाण्याच्या तपास पथकात हवालदार होते. मूळचे चऱ्होलीचे, शेतकरी घरातले. रस्त्यात ते कोणालाच ओळख दाखवत नसत. एकदा मंडईत त्यांचा सख्खा मेहुणा "दाजी, दाजी" करत मागे लागला, तर हे मेथीच्या जुड्या न्याहाळत पुढे! घरी वहिनींची बोलणी खाल्ली. मला म्हणाले, "खाल्ली तर खाल्ली. माझ्याशी बोलतो त्यो खबऱ्या, असं समजणारी लोकं हायेत. कुणाला कळाया नको, माझ्याशी कोण बोलतं ते."

मी मुख्यालयातून पथकात आलो तेव्हा अंगात नुसतं वारं होतं. साधे कपडे घालून मोटारसायकलवर हिंडलं की आपण डिटेक्टिव्ह झालो, असं वाटायचं. अण्णांनी मला आधी गप्प बसायला शिकवलं. चोरीचा विषय काढण्यापूर्वी ते समोरच्याला कांद्याचा भाव विचारत. "भाव सांगताना कुणी खोटं बोलत न्हाई, राव. खरं बोलताना त्याचा आवाज कसा लागतो, ते कानात भरून घ्यायचं. मग कामाचं इचारायचं."

एका कंपनीतून तांब्याची तार चोरीला गेली होती. तिथला वॉचमन अण्णांशी पाऊसपाण्यावर भरभरून बोलत होता. अण्णांनी सहज मागच्या गेटचा विषय काढला आणि गडी सावरून बसला. बाहेर आल्यावर अण्णा हसायला लागले. "मघापास्नं मी काका हुतो. गेटचं नाव काढलं आन् 'सर' झालो. बढतीच दिली की त्यानं मला!" तार त्याच्याच खोलीत सापडली.

कोणावर हात उगारलेला त्यांना खपत नसे. "मारल्यावर माणूस आपल्याला पाहिजे तेच बोलतो. आपल्याला काय पाहिजे ते आपल्याला ठाऊकच हाय, मग त्याला इचारायचं कशाला?" आजही माझ्यासमोर कोणी संशयिताची कॉलर धरली की मी हेच वाक्य बोलतो.

तेव्हा चाकणला उभ्या ट्रकच्या बॅटऱ्या चोरीला जात होत्या. चौकाजवळ परभणीकडच्या एका माणसाचं पंक्चरचं दुकान होतं. त्यानं अण्णांना टोळीतल्या दोघांची नावं दिली. आम्ही त्यांना पकडलं, साहेबांनी माझी पाठ थोपटली. पुढच्याच आठवड्यात मी बंदोबस्तासाठी युनिफॉर्ममध्ये चौकात उभा होतो. तो दुकानात दिसला, आणि मला भरून आलं. मी हात जोडून म्हणालो, "भाऊ, तुमच्यामुळं काम झालं!"

त्याचा चेहरा उतरला. तो मोठ्यानं म्हणाला, "कोणतं काम, साहेब? हवा भरायची का?"

तो मला सावरून घ्यायची संधी देत होता. मी हसत म्हणालो, "अहो, बॅटऱ्यांचं!"

शेजारी चहा पिणाऱ्यांनी माना वळवल्या. टोळीतल्या बाहेर राहिलेल्यांनी दुकान फोडलं, त्याला लोखंडी पान्यानं मारलं. पान्यानंच पोट भरणाऱ्या माणसाचं उजवं मनगट गेलं. नमस्काराची गोष्ट तेवढी अण्णांना सांगून, बायकोला घेऊन तो गावी परतला.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "नाव फुटलं कसं?" मला बोलायला पुष्कळ वेळ होता. मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलो. शेवटी अण्णा म्हणाले, "माझ्याकडनं, साहेब. टपरीवर बोलून बसलो." त्यांना पथकातून काढून कोर्टाची समन्स वाटायला लावलं. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तुला काढलं असतं तर परत घेतलं नसतं. शीक आता नीट."

मी शिकलो. जे झालो ते त्यांच्या त्या एका वाक्यामुळे. अण्णा मात्र समन्स वाटतच निवृत्त झाले. निरोप समारंभात मी त्यांच्यावर लांबलचक भाषण केलं आणि नेमकं हेच सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात चऱ्होलीला गेलो. शेताच्या जागी इमारती झाल्यात, त्यातल्याच एका फ्लॅटमध्ये अण्णा राहतात. पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते. मी समोर उभा राहून म्हणालो, "अण्णा, तेव्हा मी गप्प राहिलो. तुमची माफी मागायला आलोय."

"व्हय, गप राहिलास," ते शांतपणे म्हणाले. "मी कवाच सोडून दिलं ते. पर माझी माफी कशाला? हात त्याचा मोडला."

त्यांनी फोन काढून नंबर लावला. इतकी वर्षं ते त्याच्या संपर्कात होते, हे मला तेव्हा कळलं. पलीकडून आवाज आला, "बोला अण्णा, तब्येत कशी हाय?" अण्णांनी फोन माझ्या हातात दिला.

मी माझं नाव सांगितलं. त्याने फोन ठेवला नाही.

"भाऊ," मी म्हणालो, "तुम्हाला मार बसला तो माझ्यामुळे. साहेबांपुढे मी तोंड उघडलं नाही आणि तुम्हाला भेटायलाही आलो नाही. माझं चुकलं. मला माफ करा."