लसूण समजून मी लव्हाळ्याला पाणी देत होतो

मंडळी, वलगावच्या शेतात मी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने लसूण लावला. पाचव्याच दिवशी हिरवे कोंब दिसले. आज सकाळी मी खुशीत पाणी देत होतो, तेवढ्यात तण निंदायला आलेल्या शांतामावशी हसत सुटल्या.

"काहून रे बापू, लव्हाळ्याले पाणी पाजून राहिला? देठ बोटात फिरवून पाय!"

फिरवला. तीन कडा लागल्या. लव्हाळाच! मग माझा लसूण सडला की काय?

वाफ्यात बसून एकेक कोंब तपासला. शेवटी एक चपटी पात सापडली. टोक चुरगळलं, तर लसणाचा वास!

"मावशी, उगवला!"

"मंग आता त्याले उपटू नोको."

बोटं अजून धुतलेली नाहीत. तणाला पीक समजून तुम्ही कधी जपलंय का? खरं सांगा, मला बरं वाटेल.