आबा माळी आणि काळ्या कुरडया

पिंपरीच्या आमच्या कारखान्यात हजेरीला अंगठा उठवताना शाई न लागणारा माणूस एकच: आबा माळी. सकाळी येताना ते करंजाच्या काजळलेल्या पानावरून अंगठा फिरवत आणि तोच मस्टरवर दाबत. ठसा असा उमटे की रेषान् रेष मोजावी. मी तेव्हा कचेरीत नवा कारकून. शाईची डबी पुढे केली की म्हणत, “राहू द्या की राव. कंपनी वरनं फुकट वाटतीया.”

अंगठा ते नुसता उठवत नसत, वाचतही. “आज वला कोळसा घातलाय,” असं जाहीर करत. बॉयलरवाला येऊन विचारी, “आबांना कुणी सांगितलं?”

बॉयलरची चिमणी आणि साहेबांचा बंगला यांच्यामध्ये करंजाची अकरा झाडं होती. आबांच्या घरची जमीन कारखान्यात गेली, पण बांधावरची ही झाडं राहिली. आबांच्या वडिलांनी लावलेली. या झाडांसाठीच आबांनी इथली नोकरी धरली होती.

एका वैशाखात मुंबईचे पाहुणे यायचे होते. पांढराशुभ्र कोट घालून साहेब झाडांखालून निघाले आणि वारा सुटला. पानांवरची सगळी काजळी कोटावर. साहेबांनी तिथंच निदान केलं: “ही झाडं फार घाण करतात. अकराच्या अकरा पाडा.” चिमणी मागे धूर ओकत होती, तिच्याकडे बोट दाखवायची आमची कुणाची छाती नव्हती.

आबा म्हणाले, “व्हय साहेब. पर एकटा हाय मी. आज दोन पाडतो, बंगल्यासमोरची. बाकीची सावकाश.”

मी त्यांना बाजूला घेतलं. “अहो आबा, निदान हात तरी जोडायचे.”

“साहेब हात जोडून ऐकत न्हाईत. बाईसाहेबांचं ऐकत्यात.”

दोन्ही झाडं त्यांनी स्वतः तोडली. मदतीला आलेल्या गड्यांना परत पाठवलं, कुऱ्हाड कुणाच्या हाती दिली नाही.

बंगल्याच्या गच्चीवर बाईसाहेबांच्या वर्षाच्या कुरडया वाळत होत्या. तिसऱ्या दिवशी बाईसाहेब परात घेऊन थेट कचेरीत आल्या आणि साहेबांच्या टेबलावर ती आदळली. कुरडया कोळशाच्या भावात विकाव्यात अशा.

“हे तुम्ही खा,” बाईसाहेब म्हणाल्या.

साहेब चाचरले. “कावळ्यांनी...”

“कावळे कुरडया पळवतात. रंगवत नाहीत. आबा, हे कशानं झालं?”

दारात आबा टोपी हातात घेऊन उभे. चेहरा इतका गरीब की मला टाइपरायटरआड तोंड लपवावं लागलं. “काय की बाईसाहेब. आडोसा होता, तो साहेबांनी काढाया लावला. अजून नऊ राहिल्यात. उद्या धरतो.”

“हात तर लावून बघा,” बाईसाहेब साहेबांना म्हणाल्या. उरलेल्या झाडांना हात लावायचा नाही, असा हुकूम मीच टाइप केला. साहेबांनी न वाचता सही केली.

आबांच्या निरोप समारंभात साहेबांनी ही हकिकत स्वतःच रंगवून सांगितली. बाईसाहेबांसकट सगळे पोट धरून हसले. “आमच्या आबांनी युक्तीनं झाडं वाचवली,” असं म्हणून साहेब हार घेऊन उठले.

आबा उभे राहिले. “नऊ वाचली, खरं हाय,” ते म्हणाले. “पर दोन म्या तोडली, साहेब. बाच्या हातची.”

एवढंच बोलून ते खाली बसले. साहेब कितीतरी वेळ हार हातात धरून तसेच उभे होते.